अॅनिमे, मांगा आणि जाणारी लाइट

प्रश्न : भाऊ, मी चाळीसगावचा, कॉलेजला आहे. अॅनिमे (जपानी कार्टून मालिका) आणि मांगा (जपानी कॉमिक्स) दोघांचं सबस्क्रिप्शन घ्यायचंय आणि एक मोठा ओपन-वर्ल्ड (हवं तिकडे फिरता येतं असा) गेमपण खेळायचाय, पण पीसी जुना, खिसा रिकामा, वरून लाइटचा भरवसा नाही. काय करू?

उत्तर : मांगासाठी आधी पैसे कशाला घालतोस रे? शुएशा या जपानी प्रकाशकाचं मांगा प्लस अॅप टाक, त्यात बहुतेक चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट असतात, तेवढ्यात कळतं आपल्याला जमतंय का, फक्त पानं उजवीकडून डावीकडे वाचायची, दोन दिवसात सवय होते. अॅनिमेला क्रंचीरोल हे अॅनिमे बघायचं अॅप घे, काही मालिका हिंदी डबमधेपण आहेत, पण एकच महिना घे आणि ऑटोपे लगेच बंद कर, नाहीतर परीक्षेच्या महिन्यातपण पैसे कटत राहतात.

आता गेम. एल्डन रिंग (२०२२) भारीच, पण तुझ्या पीसीला झेपायचा नाही, आणि त्यात सरळ पॉजचं बटणच नाही, आई भाकर खायला बोलवत असते आणि इकडे राक्षस तुला बडवत असतो. तू २०११ चा स्कायरिम घे, सेलमधे स्वस्तात मिळतो, एफ-५ दाबलं की क्विकसेव्ह, म्हणजे गेम तिथल्या तिथे जपला जातो. मे महिन्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून दर लढाईआधी दाबतच राहायचं. गेन्शिन इम्पॅक्ट फुकट आहे खरा, पण पात्रं लॉटरीसारखी निघतात, फाइव्ह-स्टारची, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ पात्राची, खात्री नव्वदाव्या विशला (एक विश म्हणजे लॉटरीची एक सोडत), तिथे खिसा सांभाळ!