ऑटिझम असलेल्या मुलाला टॉवेल कारखान्यात कसं सांभाळून घ्यायचं?

सगळ्यात आधी त्याचं टेबल यंत्रमागांपासून लांब हलवा आणि रोजचं काम तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या. तुम्ही म्हणताय पॅकिंग एकदम बरोबर करतो पण दुपारनंतर कान झाकून बसतो आणि सुपरवायझर त्याला कामचुकार म्हणतो, तर हा आळस नाही हो, आवाजाचा त्रास आहे. मी इथंच सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॅकिंग सेक्शन बघतो, पॉवरलूमच्या खडखडाटाची आपल्याला सवय होऊन जाते, ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना ती होत नाही, उलट दिवसभर साठत जातं आणि मग सहन होत नाही. इअरमफ द्या. "जरा पटापट आवर" असं मोघम नको, "जेवणाच्या सुट्टीआधी ४० डझन" असं नेमकं सांगा, लॉट बदलणार असेल तर आदल्या दिवशीच सांगा. आणि काम बरोबरीचं तर पगारही बरोबरीचाच, दया म्हणून ठेवलंय असं त्याला वाटता कामा नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि २० किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी कारखान्यालाही अशा सोयी समान संधीच्या धोरणात लिहाव्या लागतात, मालकाला हे दाखवा. फक्त एक, प्रत्येकाचं वेगळं असतं, कुणाला आवाज नाही तर ट्यूबलाइट खुपते, म्हणून आधी त्यालाच विचारा, आणि त्याला न विचारता बाकीच्या कामगारांना काही सांगू नका.