हवेत वाफ नेहमीच असते, मग ढग ठरावीक उंचीवरच का तयार होतात?

हवेतील पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, आणि ढग म्हणजे ती वाफ नव्हेच. ढग हे पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचे किंवा हिमकणांचे बनलेले असतात. जमिनीलगतची तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, उंचीवर दाब कमी असल्याने प्रसरण पावते आणि त्या प्रसरणात तिची ऊर्जा खर्च होऊन ती दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होत जाते. ज्या उंचीवर ती दवबिंदू तापमानाला पोहोचते, तेथे सांद्रीभवन सुरू होते, म्हणजे वाफेचे पाणी होऊ लागते, म्हणूनच अनेक ढगांचा तळ सपाट दिसतो. मात्र त्यासाठी धूळ, धूर किंवा समुद्री मिठाचे कण आधाराला लागतात. त्यांच्याभोवती जमणारा थेंब साधारण ०.०२ मिलिमीटर व्यासाचा असतो. इतक्या हलक्या थेंबाला वर येणारी हवा सहज तोलून धरते.

हवा वर ढकलण्याचे काम डोंगरही करतात. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, म्हणून महाबळेश्वर दिवसच्या दिवस ढगांत बुडालेले असते. पलीकडे वाईच्या बाजूला उतरताना मात्र तीच हवा पुन्हा तापते आणि ढग विरळ होतात.