रस्त्याकडेच्या सौद्यावरून आतल्या जमिनीचा भाव कसा काढायचा?

प्रश्न: सातारा जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित 80 गुंठे जमीन आहे, डांबरी रस्त्यापासून आत, गाडीवाटेनं जावं लागतं. विहीर आहे, मे महिन्यातही पाणी असतं. ताईचा अर्धा हिस्सा मी विकत घेतोय. मागच्या वर्षी रस्त्यालगतचे 10 गुंठे कोरडवाहू रान 3 लाख रुपये गुंठ्यानं गेलं, ताई म्हणते तोच भाव दे. मी आत असल्याचे 25 टक्के, मग क्षेत्र मोठं म्हणून 15 टक्के वजा करून 1,91,250 काढलेत. बरोबर आहे ना?

उत्तर: अर्धंच बरोबर आहे. विकलेली जमीन जिथं आपल्यापेक्षा सरस तिथं तिच्या भावातून वजा करायचं हे तुम्ही नीट केलंत, पण जिथं आपली सरस तिथं मिळवायचं असतं, ते राहिलं. ते रान कोरडवाहू आणि तुमच्याकडे बारमाही विहीर, शिवाय सौद्याला वर्ष झालंय. समजा वर्षभरातल्या भाववाढीचे 8 टक्के आणि पाण्याचे 10 टक्के धरले तर 3 लाखाचे 3,24,000, रस्त्याचे वजा करून 2,43,000, क्षेत्राचे वजा करून 2,06,550 आणि पाण्याचे मिळवून 2,27,205. ताईच्या 40 गुंठ्यांवर 14 लाखांच्या वर फरक पडतो हो, आणि तो तिच्या हक्काचा पैसा आहे.

आता हे टक्के आणायचे कुठून? मनाने धरू नका. त्याच शिवारातली एकाच वर्षातली दोन खरेदीखतं शोधा, माती आणि क्षेत्र सारखं, फक्त एक रस्त्याला आणि एक आत. पहिलं 2.8 लाखाला आणि दुसरं 2.1 लाखाला गेलं असेल तर रस्त्याचे 25 टक्के झाले. पाण्याचं आणि वर्षाचंही तसंच काढायचं.

क्षेत्राच्या 15 टक्क्यांबद्दल मला जास्त शंका आहे. सुप्रीम कोर्टानं 1988 च्या चिमणलाल हरगोविंददास निकालात, ती केस पुण्याच्या भूसंपादनाचीच होती, छोट्या प्लॉटवरून मोठ्या जमिनीचा भाव काढताना 20 ते 50 टक्के वजावट सांगितलीय, पण ती मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना रस्ते, मोकळी जागा सोडावी लागते, पैसा अडकून पडतो म्हणून. तुम्ही तर शेतीच करणार. मग ते 10 गुंठे कुणी कशासाठी घेतले ते आधी विचारा, घर किंवा दुकान बांधायला घेतले असतील तर तो शेतीचा भावच नव्हे आणि त्यावर कितीही टक्के लावले तरी हिशोब बसणार नाही. त्यापेक्षा एक-दोन एकराचे आतल्या शेतांचे सौदे बघा.

नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमधून गेल्या तीन वर्षांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या सौद्यांचे गोषवारे, काढा. बांधालगतच्या मालकानं अडून जास्त पैसे मोजून घेतलेला सौदा बाजूला ठेवा, भावकीत नावापुरत्या रकमेला झालेलाही. आणि ते कागद ताईसमोर ठेवून तिला शेजारी बसवूनच टक्के ठरवा.