सी स्क्वर्टची वसाहत ओरबाडून का काढत नाहीत?

वेल्समधल्या एका बंदरात तराफ्यांना प्लास्टिक गुंडाळून समुद्रातली कीड मारली, असं तुम्ही वाचलंय. ‘त्यापेक्षा जलपर्णीसारखी ओढून का नाही काढली?’ असं विचारलंय. (कृष्णेतली जलपर्णी ओढून संपते का, हे आम्हा सांगलीकरांना विचारा!)

मी इथं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. त्या प्राण्याचं नाव डिडेम्नम व्हेक्सिलम, मूळचा बहुधा जपानकडचा. हा एक सी स्क्वर्ट, म्हणजे समुद्रात एका जागी चिकटून पाणी गाळून जगणारा प्राणी. आपल्या बीएस्सीच्या पुस्तकातला सी स्क्वर्ट, हर्डमानिया, एकएकटा राहतो, हा वसाहत करून. दिसायला पिवळट, चिवट थर, दोरावरून खाली लोंबणारा. भिंगाखाली धरलात तर त्यावर बारीक छिद्रं दिसतात. प्रत्येक छिद्रामागे एक जीव, जेमतेम मिलिमीटरभर. प्रत्येकानं आपल्या छिद्रातून पाणी आत ओढायचं, त्यातलं खाद्य गाळून घ्यायचं आणि उरलेलं पाणी मोठ्या सामाईक भोकातून सोडून द्यायचं. अंगावरचं आवरणही सगळ्यांत मिळून एकच. त्यामुळे तुकडा तुटला तरी मरत कुणीच नाही. तो वाहत जातो, टेकेल तिथं चिकटतो आणि वाढायला लागतो. ओरबाडणं म्हणजे पेरणीच झाली.

त्याची अळी बेडकाच्या पिल्लासारखी शेपटीवाली असते, पण फार तर दिवसभर पोहते. लांबचा प्रवास घडवतो तो आपणच: बोटींचे तळ, बार्ज, कालवांची (खायच्या शिंपल्यांची) ने-आण.

वेल्समधल्या त्या बंदरात, होलीहेडला, हा 2008मध्ये सापडला. तराफ्यांभोवती पिशव्या बांधून आतलं पाणी कोंडलं, म्हणजे ऑक्सिजन संपून तो गुदमरेल. पहिल्या खेपेनंतर पठ्ठ्या परत उगवला! अमेरिकेच्या ईशान्येला जॉर्जेस बँक या समुद्रातल्या उथळ भागावर तर 200 चौरस किलोमीटरहून जास्त भागात तो पसरलाय. एवढ्या पिशव्या कोण बांधणार? शिंपल्यांवर चढून त्यांना गुदमरवतो, आणि आंबट आवरणामुळे त्याला खाणारेही थोडेच.

कृष्णा-कोयनेत येईल का, ही तुमची दुसरी शंका. नाही, गोडं पाणी त्याला सोसत नाही. बोटींवरही तोच इलाज: पाण्याबाहेर काढायची, गोड्या पाण्यानं धुवायची, चांगली वाळवायची. दोर-जाळ्यांचंही तसंच. फक्त खरवडलेला थर परत बंदरात ढकलायचा नाही, किनाऱ्यावर लांब उन्हात टाकायचा.