स्पीड कॅमेरा डिटेक्टर भारतात कायदेशीर आहे का? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर त्याचा खरंच उपयोग होतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई होतं, दोन चलनं येऊन गेलीत आणि एक मित्र अमेरिकेतून डिटेक्टर, म्हणजे पुढे वेग मोजणारं यंत्र असेल तर वाजून सांगणारा डबा, आणून देतोय, तर घ्यावा का. हे "आणून देतोय" वाचलं आणि राहवलं नाही. असा एक डबा आमच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, सक्शन कपासकट. तोही असाच कुणीतरी प्रेमाने आणून दिलेला.

कायद्याचं आधी उरकतो. मोटार वाहन कायद्यात "डिटेक्टर बाळगू नये" असं नाव घेऊन सांगणारं कलम नाही. दंड आहे तो वेगाला: कलम १८३, २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, महाराष्ट्रात कारला दोन हजारच लागतात. जॅमर मात्र वेगळी गोष्ट. समोरच्याचं यंत्र बंद पाडणारी वस्तू खाजगी माणसाने सरकारी परवानगीशिवाय वापरायचीच नाही, त्यात "मला माहीत नव्हतं" चालत नाही. ऑनलाइन विकणारे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून लिहितात, तेवढं बघा.

आता उपयोगाचं. माझं भोसरीत छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, गिऱ्हाईक तळोज्याला. त्यामुळे एक्स्प्रेसवे मला आमच्या सोसायटीच्या जिन्याइतका पाठ आहे. २०२४ च्या पावसाळ्यात, नवे आयटीएमएसचे, म्हणजे वाहतुकीवर आपोआप नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे कॅमेरे सुरू झाले त्याच सुमारास, न्यू जर्सीहून माझा मेव्हणा तीन आठवड्यांसाठी आला होता. येताना माझ्यासाठी हा डबा घेऊन आला. चारशे डॉलरचा. "दाजी, तिकडे सगळे वापरतात." सगळे म्हणजे किती, ते मी तेव्हा विचारलं नाही. नंतर वाचलं तर त्याच्या घरापासून चार-पाच तासांवरच्या व्हर्जिनियात तो गाडीत लावून चालवणं बेकायदा आहे, वॉशिंग्टन शहरातही. हे त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आम्ही तिकडे गेलो की काढून ठेवतो." म्हणजे माहीत होतं.

पहिले दोन दिवस गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी बायकोने सांगितलं, एक तर हा राहील नाहीतर मी बसेन. मॉलचं सरकतं दार जवळ आलं की तो वाजायचा. शेजारून नवी गाडी गेली की वाजायचा, कारण हल्लीच्या महागड्या गाड्यांच्या मागच्या बंपरमध्ये आजूबाजूची वाहनं ओळखायला रडार बसवलेलं असतं आणि त्यातली बरीच पोलिसांच्या के बँडवरच, म्हणजे २४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. डब्याला दोन्ही सारखेच. मेव्हणा म्हणाला, सेटिंग करावं लागतं. तीन आठवडे सेटिंगच चाललं होतं.

त्याला विमानतळावर सोडायला निघालो ती रात्र. फ्लाइट दोनची, आम्ही साडेसातला चिंचवड सोडलं. पुढे मी आणि तो, मागे बायको आणि सासूबाई, डिकीत दोन तेवीस किलोच्या बॅगा आणि त्यात न मावलेली एक पिशवी: थालिपिठाची भाजणी, मेतकूट, लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी. डबा काचेवर मधोमध चिकटवलेला. उर्से टोल पार केला, रस्ता कोरडा होता, डबा गप्प होता. मेव्हणा म्हणाला, "बघा, क्लिअर आहे, दाबा." दाबला. खोटं कशाला बोलू, मीच दाबला.

लोणावळ्याच्या पुढे पाऊस लागला. खंडाळा ओलांडून घाट उतरायला लागलो. अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला, तरी आम्ही त्या वळणाला अमृतांजनच म्हणतो, त्याच्या थोडं पुढे. घाटात कारला साठची मर्यादा आहे, मी सत्तर-पंचाहत्तरला असेन. आणि अचानक डबा किंचाळला. आवाज चढत चढत गेला, लाल दिवे लागले, मेव्हणा सीटवरून उठल्यासारखा पुढे झाला आणि ओरडला. काय ओरडला त्यावर पुढे येतो. मी ब्रेक मारला. ओला उतार. मागे टुरिस्टची इनोव्हा होती, तिने बिचारीने जमेल तेवढा मारला, पण आलीच.

आवाज मोठा झाला, माणसांना काही झालं नाही. डिकीचं दार आत गेलं, बंपर लोंबायला लागला आणि लोणच्याची बरणी फुटली. गाडी कशीबशी कडेला घेतली. इनोव्हावाला उतरला, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून माझ्या काचेशी आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, घाटात असं मधेच उभं राहतात का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डबा अजून वाजतच होता.

कॅमेरा? तिथे कॅमेराच नव्हता. कॅमेरे बसवलेली गॅन्ट्री, म्हणजे रस्त्यावरची लोखंडी कमान, अजून बरीच खाली होती. घरी येऊन डॅशकॅम बघितला तर दिसलं: उजवीकडून एक पांढरी एसयूव्ही पुढे जाते, ती शेजारी येते तेव्हा किंचाळणं सुरू होतं आणि ती दूर गेली की आवाज बारीक. तिच्या बंपरला घाबरून मी घाटात ब्रेक मारला होता.

यावर कडी म्हणजे आठ दिवसांनी चलन आलं. वेळ रात्री ८ वाजून २६ मिनिटं, म्हणजे धडकेच्या पंधरा मिनिटं आधी, कामशेतजवळ, वेग ११८, मर्यादा १००. दोन हजार. तेव्हा डबा गप्प होता. "क्लिअर आहे, दाबा" तेव्हाचंच.

का गप्प होता ते समजून घ्या, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. डिटेक्टर मुख्यतः हवेतल्या रडारच्या लहरी पकडतो. जुन्या रडार गनचा झोत लांबवर पसरायचा, त्यामुळे पोलिसांना तुमचा वेग कळायच्या आधी डब्याला वास लागायचा. अमेरिकेत त्याची कीर्ती झाली ती त्यावर. आपल्याकडे हायवे पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीत लेझर गन असते. लेझरचा झोत तीनशे मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद, सरळ तुमच्या नंबरप्लेटवर मारलेला, आणि अर्ध्या सेकंदात वेग नोंदवून मोकळा. डबा लेझर ओळखतो, नाही असं नाही. पण तो वाजतो तेव्हा तुमचं काम झालेलं असतं. आणि एक्स्प्रेसवेवर सरासरी वेग काढणारे कॅमेरे आहेत त्यांना तर वेग मोजायला तुमच्यावर काही सोडावंच लागत नाही. या गॅन्ट्रीखाली नंबरप्लेट वाचली, वेळ लिहिली, पुढच्या गॅन्ट्रीखाली परत वाचली. दहा किलोमीटर पाच मिनिटांत आलात म्हणजे १२०. मधे कुठे कितीदा ब्रेक मारला याच्याशी त्याला घेणं नाही. यात डबा काय पकडणार, कपाळ?

शिवाय लपवलेलं आहे काय? २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७ अ घातला. इलेक्ट्रॉनिक यंत्राने नजर ठेवायची असेल तर आधी ठळक पाटी लावायची आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची, असं त्यात आहे. गॅन्ट्री काही झाडामागे नाहीत, दोन-दोन मजली लोखंडी कमानी आहेत. गूगल मॅप्सही कॅमेऱ्याची खूण दाखवतं, फुकट. चलन चुकीचं वाटत असेल तर पाटी होती का, नोटीस कधी आली, फोटोतली गाडी तुमचीच का, हे बघा आणि वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार करा. तुमच्या दोन चलनांचं हे केलंत का? प्रश्नात लिहिलेलं नाही.

आणि एक वाजणारं यंत्र तुमच्या गाडीत बहुतेक आहेच. जुलै २०१९ पासूनच्या प्रत्येक नव्या कारमध्ये ऐंशी ओलांडले की अधूनमधून आणि एकशेवीस ओलांडले की सतत वाजणारा इशारा सक्तीचा आहे. तो कसा बंद करायचा हे लोक गॅरेजवाल्याला विचारत फिरतात आणि दुसरा वाजणारा डबा चारशे डॉलरला मागवतात.

वाचतं किती, ते मी मेव्हण्याला कागदावर मांडून दाखवलंय. एक्स्प्रेसवे सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. अख्खा शंभरने गेलात तर सत्तावन्न मिनिटं, एकशेवीसने गेलात तर सत्तेचाळीस. दहा मिनिटं, तीही घाट आणि टोलची रांग नाहीच असं धरून. दहा मिनिटं तर खालापूरच्या फूडमॉलला वडापावच्या कुपनासाठी जातात. त्यावर तो म्हणाला, "दाजी, प्रश्न वेळेचा नाही, टेक्नॉलॉजीचा आहे." बरं.

गॅरेजचं बिल झालं ३१,४००. क्लेम केला असता तर पाच वर्षं जपलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस गेला असता, म्हणून खिशातून भरले. मेव्हण्याचं म्हणणं असं की डब्याने फक्त सूचना दिली, ब्रेक दाजींनी मारला, त्यामुळे बिल दाजींचं. माझं म्हणणं, ब्रेक मी डब्यामुळे नाही, त्याच्या ओरडण्यामुळे मारला. शेजारचा माणूस कानात ओरडला की पाय आपोआप जातो. यावर दोन दिवाळ्या झाल्या. बायको म्हणते दोघंही सारखेच. सासूबाई म्हणतात बरणी कोण भरून देणार.

तुम्हाला माझा सल्ला विचाराल तर डॅशकॅम घ्या. त्याच पैशात चांगला येतो, वर उरतात. क्रूझ कंट्रोल असेल तर सपाटीला पंचाण्णववर लावून टाका, घाटात काढा. आणि शेजारी कुणाला बसवता ते बघा, विशेषतः जो स्वतः इथे गाडी चालवत नाही पण सूचना देतो.

मी वकील नाही, हे राहिलं सांगायचं. कायद्यात नाव नाही म्हणजे अडवणारा हवालदार तुम्हाला सोडेलच असं नाही, काचेवर लुकलुकणारा डबा दिसला की चौकशी होणारच. गाडी परदेशात भाड्याने घेणार असाल तर तिथलं तिथे बघा. जर्मनीत चालकाने असलं यंत्र वापरलं तर ७५ युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दंडाचा पॉइंट, त्यात मोबाइलवरची कॅमेरा दाखवणारी अॅप्सही धरली जातात. शेजारच्या सीटवरच्या बाईच्या फोनवर अॅप चालू होतं म्हणून चालकाला झालेला दंड तिथल्या कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवला. हा निकाल मी मेव्हण्याला पाठवला होता. शेजारी बसणाऱ्यामुळे काय होतं ते कळावं म्हणून. त्याने फक्त अंगठा पाठवला.

राहता राहिलं तो काय ओरडला ते. डॅशकॅमला माइक आहे. रेकॉर्डिंगमध्ये डब्याच्या किंचाळण्यात "दाजी, ब्रेक" एवढं स्वच्छ ऐकू येतं, पुढचा शब्द टायरच्या आवाजात बुडालाय. मेव्हण्याच्या मते तो "ब्रेक नको" म्हणाला होता. ती क्लिप मी हेडफोन लावून बहुतेक पन्नासदा ऐकली आहे, एकदा आवाज निम्म्या वेगाने करूनही. पुढचा शब्द "म"ने सुरू होतो.