चीजमधले जिवाणू तपासून पोट भरेल का?

नमस्कार भाऊसाहेब,

रावेरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला, विषय मायक्रोबायॉलॉजी. पारंपरिक चीजमधले जिवाणू प्रोबायोटिक (तब्येतीला उपयोगी म्हणून मुद्दाम खायचे जिवाणू) म्हणून चालतील का, यावर तिला संशोधन करायचंय. तुम्ही विचारता, "आपल्याकडे चीज खातं कोण? यात नोकरी कसली?"

खानदेशात नसेल खात कुणी, पण जम्मूची कलारी, सिक्कीमची छुर्पी, बंगालचं बंडेल हे सगळं भारतातलंच. पनीर यात धरू नका. तापवलेलं दूध आंबट घालून फाडतात, तिथे जिवाणूंचं काही काम नसतं. उलट कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेला गहू आंबतो, तो चीजमधल्यासारख्याच जिवाणूंमुळे. म्हणजे विषय तुमच्या ओसरीवरचाच आहे.

आता खरी गोष्ट. उपयोगी वाटणारा जिवाणू सापडणं सोपं, तो निर्धोक आहे हे सिद्ध करणं महाकठीण. एंटेरोकोकस नावाच्या जिवाणूचं बघा. भूमध्य समुद्राकाठच्या कित्येक चीजांना मुरताना जी चव येते, तिच्यात याचा वाटा असतो. जठरातल्या आम्लात, पित्तातही त्याचे बरेच वाण तग धरतात. मग घ्या की प्रोबायोटिक म्हणून! पण याच्याच गोतावळ्यातले काही जण दवाखान्यातल्या रुग्णांना संसर्ग करतात, व्हॅन्कोमायसिनसारख्या औषधालाही दाद देत नाहीत आणि ती ताकद इतर जिवाणूंनाही देऊ शकतात. म्हणून प्रत्येक वाण वेगळा तपासावा लागतो. रक्त मिसळलेल्या अगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर त्या वाणाची रेघ ओढायची, ३७ अंशांवर ठेवायची, दुसऱ्या दिवशी बघायचं. वाढीभोवती स्वच्छ कडं दिसलं, म्हणजे हा तांबड्या पेशी फोडतोय, तो बाद. त्यातून निभावला तर औषधाला दाद देतो का हे बघायला अँटिबायोटिकच्या चकत्या, मग जनुकांची तपासणी. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वंही सुरक्षिततेचे असेच पुरावे मागतात.

पगार मिळतो तो या चाळणीच्या कामाचा. डेअरी, औषध कंपन्या, अन्नतपासणीच्या प्रयोगशाळा, सगळीकडे गुणवत्ता विभागात अशी माणसं लागतात. त्यामुळे एम.एस्सी. बिनधास्त करू द्या: जळगावला आपल्या विद्यापीठात, किंवा कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत जमलं तर फारच छान. पीएच.डी.ला मात्र सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तरच पाठवा. दरमहा ३७,००० रुपये हातात असतात. फेलोशिपशिवाय चार-पाच वर्षं काढायला मी तरी सांगणार नाही.

एक मात्र तिलाच विचारा: महिनोन्‌महिने प्लेटा मोजायच्या आणि शेवटी "हा वाण नको" असं लिहायचं, हे तिला जमेल का? घरबसल्या कळणार नाही. सुट्टीत एखाद्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत महिनाभर काम करू द्या, बिनपगारी असलं तरी चालेल. त्यासाठी कॉलेजचं पत्र लागेल, ते परीक्षेच्या गडबडीआधी घेऊन ठेवा.