पंप खोलण्याआधी

शेक टेबलला (तेलाच्या दाबावर हलणारं, भूकंपासारखे हादरे देऊन चाचणी घ्यायचं टेबल) प्रेशर येत नाही म्हणून लगेच पंप खोलायला घेऊ नकोस. आधी आवाज ऐक. एकसारखी कर्कश शिट्टी असेल तर बहुधा सक्शन स्ट्रेनर (पंपात तेल ओढलं जातं तिथली गाळणी) तुंबलाय. गोट्या खडखडल्यासारखं वाटलं आणि टाकीत फेस दिसला तर कुठूनतरी हवा शिरतेय. तेल दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय, तेल थंड करणारा कूलर तपास. पिस्टन पंपाच्या केस ड्रेनमधून (पंपाच्या आत झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारी नळी) नेहमीपेक्षा बरंच जास्त तेल येत असेल, तरच तो आतून झिजलाय म्हण.

आणि हे मनापासून सांगतो: मोटार बंद असली तरी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाबाखाली तेल साठवणारं भांडं) दाब असतो, तो सोडल्याशिवाय नट सैल करू नकोस. गळती हाताने चाचपू नकोस, पुठ्ठा धर. दाबाखालच्या तेलाची बारीक धार कातडी भेदते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.